पहिला सपाट पृष्ठभाग आला कोठून?

आमच्या प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये एक जुना लेथ आहे. लहानसहान कामे आम्ही त्यावर स्वतःच उरकतो. काही वर्षांपूर्वी एका निर्वात पात्रासाठी आम्हाला पितळेची चकती हवी होती. तिची एक बाजू अगदी सपाट हवी, म्हणजे तिच्यावर रबरी कडे नीट बसेल आणि बाहेरची हवा आत शिरणार नाही. आम्ही चकती कातली. पृष्ठभागावर बारीक लाटा उठल्या. हत्याराला नवी धार लावली, वेग कमी केला, पुन्हा कातली. लाटा होत्याच. पात्रात निर्वात काही टिकेना. असे दोन दिवस गेल्यावर आम्ही वर्कशॉपमधल्या फिटर काकांना बोलावले.

काकांनी चकतीकडे पाहिलेसुद्धा नाही. हत्यार जेथे पकडलेले असते तो टूलपोस्ट त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि मागेपुढे हलवला. हाताला कळेल इतका तो डुलत होता.

"सर, स्लाइड ढिली झालीय," ते म्हणाले. "आणि बेडवर एमरी कोणी वापरली?"

एमरी आम्हीच वापरली होती. कातलेले दांडे चकचकीत करण्यासाठी एमरी पेपर लावायचा आणि खाली पडणारी काळी पूड तशीच राहू द्यायची, हा आमचा महिन्याभराचा उद्योग होता. त्या पुडीने आमच्या नकळत लेथ झिजवला होता. पुढे काकांनी तो दुरुस्त केला. त्या आठ दिवसांत आम्ही जे पाहिले, त्यातून एक प्रश्न आमच्या डोक्यात शिरला. लेथ सरळ आणि सपाट वस्तू बनवतो, कारण त्याचे स्वतःचे भाग सरळ आणि सपाट असतात. मग ते भाग कोणत्या यंत्राने सरळ केले? आणि त्या यंत्राचे भाग? असे मागे मागे जात राहिलो तर पहिला सपाट पृष्ठभाग कोठून आला?

स्लाइड म्हणजे काय?

ज्यांनी लेथ जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करू. लेथवर काम फिरते आणि हत्यार स्थिर धरलेले असते, किंवा ठरावीक मार्गाने सरकते. लेथच्या लांबीला समांतर असा बिडाचा भक्कम पाया असतो, त्याला बेड म्हणतात. बेडवरून डावीकडे-उजवीकडे सरकते ती सॅडल. सॅडलवर, तिच्याशी काटकोनात सरकते ती क्रॉस स्लाइड. क्रॉस स्लाइडवर आणखी एक लहान स्लाइड असते; ती हव्या त्या कोनात फिरवून बसवता येते. तिच्यावर हत्यार.

क्रॉस स्लाइड खालच्या पट्ट्यावर नुसती ठेवलेली नसते. तो पट्टा वर रुंद व खाली अरुंद असतो, आणि स्लाइडच्या पोटातली खाच त्याला तशीच मिठी मारते. त्यामुळे स्लाइड उचलली जाऊ शकत नाही, फक्त सरकू शकते. पण पट्टा आणि खाच तंतोतंत एकाच मापाचे केले तर स्लाइड हलणारच नाही, आणि सैल केले तर डुलेल. यावरचा उपाय मोठा साधा आहे. खाच मुद्दाम थोडी रुंद करतात आणि एका बाजूच्या फटीत लांब पातळ पट्टी बसवतात. तिला गिब म्हणतात. बाहेरून तीनचार स्क्रू या पट्टीला रेटतात. झीज झाली की स्क्रू किंचित आवळायचे. स्लाइड पुन्हा घट्ट.

काकांनी आधी हेच केले. स्क्रूंवरचे लॉकनट सैल केले, स्लाइड पुसून तेल दिले, आणि हँडल फिरवत एकेक स्क्रू थोडाथोडा आवळत गेले. हँडल हाताला किंचित जड लागले की थांबायचे, स्क्रू पेचकसाने तसाच धरून ठेवायचा आणि लॉकनट आवळायचा. स्क्रू धरून ठेवला नाही तर लॉकनटबरोबर तोही फिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

मग एक अडचण पुढे आली. मधल्या भागात स्लाइड बरोबर बसवली, तर दोन्ही टोकांकडे ती अडकू लागली. टोकांना सैल केली, तर मध्ये डुलू लागली. याचा अर्थ उघड होता. रोजचे काम मधल्याच भागात होते, म्हणून तो भाग अधिक झिजला होता. गिब सगळीकडे सारखी असलेली ढिलाई काढू शकते. पट्टाच मध्ये खोलगट झाला असेल तर तिचा इलाज चालत नाही. तेथे पृष्ठभागच पुन्हा सरळ करावा लागतो.

पांगुळगाडा

आता थोडे इतिहासात जाऊ. धातू कातण्याची कला जुनी आहे, पण अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक कातारी हत्यार हातात धरूनच काम करीत. हत्याराला टेकू असे, पण ते किती आत जाईल आणि किती सरळ सरकेल हे मनगट ठरवी. लाकूड किंवा पितळ असेपर्यंत हे ठीक होते. लोखंडाचा लांब दांडा दोन्ही टोकांना सारख्या जाडीचा कातणे मात्र निष्णात कातारीच्याही हाताबाहेरचे होते.

सरकत्या स्लाइडवर हत्यार बसवण्याची कल्पना कोणा एकाची नव्हे. १४८० च्या सुमारास जर्मनीत तयार झालेल्या एका हस्तलिखितातील चित्रात तशी रचना दिसते. फ्रान्समध्ये जाक द व्होकांसाँ याने अठराव्या शतकाच्या मध्यावर बनवलेल्या लेथला धातूचे त्रिकोणी धारेचे मार्ग होते. तो लेथ पॅरिसच्या संग्रहालयात आहे. तरीही या कल्पनेला कारखान्यातले रोजचे साधन बनवण्याचे श्रेय प्रामुख्याने एका इंग्रज कारागिराला दिले जाते. त्याचे नाव हेन्री मॉड्सले.

मॉड्सलेचा जन्म १७७१ मध्ये लंडनजवळच्या वुलिच येथे झाला. बाराव्या वर्षी तो तेथील शस्त्रागारात काडतुसे भरण्याच्या कामाला लागला. नंतर सुतारशाळा, मग लोहारशाळा. लोखंडकामात त्याचा हात असा बसला की अठराव्या वर्षाच्या सुमारास जोसेफ ब्रामा या कुलुपे बनवणाऱ्या संशोधकाने त्याला आपल्याकडे घेतले. ब्रामाचे कुलूप इतके पक्के होते की ते उघडून दाखवणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस देण्याची पाटी त्याने दुकानाच्या काचेत लावली होती. १८५१ मध्ये हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने ते उघडले, तेही एकूण ५१ तास खर्चून. अशा कुलपाचे बारीक भाग शेकड्यांनी आणि सारखे बनवायचे तर हाताच्या अंदाजावर विसंबून चालणार नव्हते. मॉड्सलेने ब्रामासाठी त्या कामाची खास यंत्रे बनवली.

१७९७ मध्ये त्याने पगारवाढ मागितली. त्याला आठवड्याला ३० शिलिंग मिळत. ब्रामाने नकार दिला आणि मॉड्सलेने स्वतःचे लहानसे वर्कशॉप काढले. पुढच्या दोनतीन वर्षांत त्याने आटे पाडण्याचा जो लेथ तयार केला, त्यात तीन गोष्टी एकत्र आल्या: संपूर्ण धातूचा ताठ सांगाडा, अचूक मार्गावरून सरकणारी स्लाइड, आणि तिला ठरावीक गतीने ओढणारा लीड स्क्रू. या तिन्ही गोष्टी सुट्यासुट्या आधी होत्या. त्यांना एकत्र आणून रोजच्या कामाला जुंपणे हे मॉड्सलेचे काम.

जुन्या कातारींनी या स्लाइडची चेष्टा केली. ते तिला 'मॉड्सलेचा गो-कार्ट' म्हणत. त्या काळी गो-कार्ट म्हणजे आपला पांगुळगाडा. ज्याला स्वतःच्या हाताने हत्यार धरता येत नाही त्याने पांगुळगाडा घ्यावा, असा टोमणा होता. टोमण्यामागची भीती मात्र खरी होती. १८०२ पासून पुढच्या काही वर्षांत मॉड्सलेने मार्क ब्रुनेलच्या आराखड्यांवरून पोर्टस्मथच्या गोदीसाठी जहाजांच्या कप्प्या बनवणारी ४५ यंत्रे तयार केली. १८०८ पर्यंत तेथे वर्षाला १,३०,००० कप्प्या निघू लागल्या. पूर्वी जेथे ११० कुशल कारागीर लागत, तेथे आता १० साधे कामगार पुरत. उरलेल्या शंभरांचे काय झाले, हा प्रश्न यंत्राच्या कौतुकात विसरून चालत नाही.

तीन प्लेटा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्लाइड हत्याराला सरळ नेते, पण कधी? तिचा मार्ग सरळ असेल तर. मार्ग वाकडा असेल तर स्लाइड तो वाकडेपणा इमानदारीने कामावर उतरवते. यंत्राचा दोष त्याच्या अपत्यांत उतरतो. शिवाय मॉड्सलेच्या सुरुवातीच्या काळात मोठे सपाट पृष्ठभाग तासणारी यंत्रे वापरात नव्हती. लोखंडाचा पृष्ठभाग छिन्नी-हातोडीने तासायचा आणि कानशीने घासायचा, हीच रीत होती.

मॉड्सलेने आपल्या कारखान्यात कामगारांच्या बाकांवर प्रमाण प्लेटा ठेवल्या होत्या. प्लेट म्हणजे जाड बिडाची पाटी, तिची वरची बाजू शक्य तितकी सपाट. बनवलेला भाग तिच्यावर टेकवून पाहायचा. मॉड्सलेकडे शिकलेल्या जेम्स नॅस्मिथने १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात याचे वर्णन केले आहे. याच कारखान्यात १८२५ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ नावाचा एक तरुण दाखल झाला. पुढे मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढल्यावर, १८४० मध्ये ग्लासगो येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत, त्याने खरे सपाट पृष्ठभाग कसे करावेत यावर निबंध वाचला. त्यातली युक्ती भूमितीच्या शिक्षकांना विशेष आवडेल.

समजा आपल्याकडे दोन प्लेटा आहेत, अ आणि ब. त्या एकमेकींवर अगदी बिनफट बसतात. म्हणून त्या सपाट आहेत का? नाही. अ फुगीर आणि ब तितकीच खोलगट असली तरी त्या बिनफट बसतील. दुर्बिणीचा आरसा घासणारे हौशी आकाशनिरीक्षक याचाच फायदा घेतात. काचेच्या दोन चकत्या मध्ये पूड घालून एकमेकींवर घासत राहिले की वरची खोलगट होत जाते आणि खालची फुगीर.

आता तिसरी प्लेट क घ्या. अ ही ब वर बसते आणि क वरही बसते. म्हणजे ब आणि क यांचा आकार एकच. अ फुगीर असेल तर दोघीही सारख्याच खोलगट. पण आता ब आणि क एकमेकींवर ठेवा. दोन खोलगट पृष्ठभाग एकमेकांवर बसणार नाहीत, मध्ये फट राहील. तिन्ही जोड्या बिनफट बसायच्या असतील तर फुगीरपणा किंवा खोलगटपणा असून भागत नाही. तिन्ही प्लेटा सपाटच हव्यात.

या युक्तिवादात एक पळवाट आहे. पापडासारखी पीळ पडलेली, म्हणजे समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि उरलेले दोन खाली अशी प्लेट तिच्याच जुळ्या बहिणीवर उलटी ठेवली तर बिनफट बसू शकते. म्हणून एक प्लेट काटकोनातून फिरवून पुन्हा ताडून पाहावे लागते. पीळ असेल तर तेव्हा तो उघडा पडतो.

या पद्धतीचे मर्म असे की तिला आधीचा कोणताही सपाट पृष्ठभाग लागत नाही. तीन ओबडधोबड प्लेटा, तुलना करण्याची शिस्त आणि हात, एवढ्यावर तुम्ही तुमच्याजवळच्या कोणत्याही यंत्रापेक्षा अचूक पृष्ठभाग मिळवू शकता. मागे मागे जाणारी ती साखळी येथे तुटते.

घासायचे नाही, खरवडायचे

त्या काळी दोन पृष्ठभाग जुळवायचे तर मध्ये एमरीची पूड घालून ते एकमेकांवर घासत. व्हिटवर्थने याला विरोध केला. पूड सगळीकडे सारखी पसरत नाही, त्यामुळे कोठे किती धातू गेला यावर ताबा राहत नाही. शिवाय एमरीचे कण बिडात रुतून बसतात आणि पुढेही कानशीसारखे काम करत राहतात. आमच्या लेथचे नेमके हेच झाले होते. १८४० मध्ये सांगितलेली गोष्ट आम्ही दीडशेहून अधिक वर्षांनी स्वतःच्या चुकीने शिकलो.

व्हिटवर्थचा आग्रह होता खरवडण्याचा. काकांनीही तेच केले. प्रमाण प्लेटेवर त्यांनी निळ्या रंगाचा अगदी पातळ थर लावला आणि स्लाइडची खालची बाजू तिच्यावर हलकेच फिरवली. जेथे उंचवटे होते तेथेच निळे ठिपके उमटले. मग स्क्रेपर घेऊन, म्हणजे टोकाला धार असलेली पोलादी पट्टी घेऊन, त्यांनी फक्त ते ठिपके खरवडले. एका फटक्यात निघणारा धातू मिलिमीटरच्या काही हजारांशांइतकाच. पुसायचे, पुन्हा निळे लावायचे, पुन्हा फिरवायचे. सुरुवातीला चारपाच मोठे डाग होते. दुसऱ्या दिवशी वीसपंचवीस झाले. आठवड्याअखेर सगळ्या पृष्ठभागावर बारीक ठिपक्यांची रांगोळी उमटली. मग सरळ केलेल्या स्लाइडवरून त्यांनी खालचा पट्टा जुळवला.

खरवडलेल्या पृष्ठभागाचा आणखी एक गुण आहे. ठिपक्यांच्या मधल्या उथळ जागांत तेल टिकून राहते. आरशासारख्या गुळगुळीत दोन सपाट पृष्ठभागांमधून तेल निघून जाते आणि ते एकमेकांना चिकटू पाहतात. स्लाइडला सपाटपणा हवा, पण गुळगुळीतपणा नको.

कोणती झीज जास्त वाईट?

येथे एक छोटे गणित वर्गात करून घेण्यासारखे आहे. २० मि.मी. व्यासाचा दांडा कातताना झिजेमुळे हत्यार ०.१ मि.मी. सरकले असे समजा. ते आडवे, म्हणजे दांड्यापासून दूर सरकले, तर त्रिज्या सरळ ०.१ मि.मी. ने वाढते. पण ते तेवढेच खाली सरकले तर? पायथागोरसच्या प्रमेयाने नवी त्रिज्या म्हणजे १० चा वर्ग अधिक ०.१ चा वर्ग यांचे वर्गमूळ. ते येते सुमारे १०.०००५. म्हणजे त्रिज्येतली चूक केवळ ०.०००५ मि.मी., आधीच्या २०० पट कमी! म्हणूनच लेथचा मार्ग आडव्या दिशेने सरळ असण्याला इतके महत्त्व आहे, आणि क्रॉस स्लाइडची ढिलाई इतकी नडते.

गिबची ढिलाई आणि बॅकलॅश यांत मात्र गल्लत करू नये. हँडल उलट फिरवताना थोडा वेळ स्लाइड हलतच नाही, कारण स्क्रू आणि नट यांच्या आट्यांत मोकळी जागा असते. आटे ४ मि.मी. अंतराचे असतील आणि फेऱ्याचा आठवा भाग रिकामा जात असेल, तर अर्ध्या मिलिमीटरची फसगत होते. गिब कितीही आवळली तरी ही जागा जात नाही. उपाय सोपा आहे: मापावर नेहमी एकाच दिशेने यायचे. पुढे गेलो तर बरेच मागे जाऊन पुन्हा पुढे यायचे.

लेथ किती अचूक असावा याचे लेखी नियम करणारा माणूस म्हणजे बर्लिनचे प्राध्यापक गेओर्ग श्लेझिंगर. त्यांचे यंत्रे तपासण्याचे पुस्तक १९२७ मध्ये आले आणि जगभर प्रमाण मानले गेले. त्यातला एक नियम असा की क्रॉस स्लाइडने कातलेला पृष्ठभाग किंचित खोलगट चालेल, फुगीर चालणार नाही. खोलगट चकती कडांवर स्थिर बसते, फुगीर चकती मधल्या बिंदूवर डुलते. श्लेझिंगर ज्यू होते. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना पदावरून काढून तुरुंगात टाकले. पुढे त्यांनी देश सोडला आणि १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

हाताचे ऋण

आपल्याकडे लेथ बनवण्याच्या उद्योगाने उशिरा मूळ धरले. किर्लोस्करांचा हरिहरचा कारखाना १९४१ मधला आणि बंगळूरचा एचएमटी १९५३ मधला. आज संगणकाने चालणारी यंत्रे आली आहेत. अनेकांत स्लाइडऐवजी पोलादी गोळ्यांवर धावणारे मार्ग असतात. तरीही अत्यंत अचूक यंत्रे बनवणारे काही कारखाने शेवटचा हात अजून स्क्रेपरनेच फिरवतात. आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकणाऱ्या मुलांची निळ्या रंगाशी आणि स्क्रेपरशी ओळख होते. ज्या मुलांना आपण 'अभ्यासात मागे' म्हणून तिकडे पाठवतो, त्यांच्या हाती आपण औद्योगिक क्रांतीच्या मुळाशी असलेली युक्ती देत असतो. निदान शिक्षकांनी तरी हे जाणून असावे.

मॉड्सले १८३१ मध्ये वारला. वुलिचच्या चर्चच्या आवारातील त्याची समाधी बिडाची होती, आणि तिचा आराखडा त्याने स्वतःच केला होता.

आमच्या पितळी चकतीचे पुढे काय झाले, तेही सांगून टाकू. दुरुस्तीनंतर ती पहिल्याच फेरीत लाटांशिवाय निघाली आणि पात्रात निर्वात टिकला. तेव्हापासून एमरी वापरायची वेळ आली की आम्ही आधी बेडवर जुने वर्तमानपत्र अंथरतो, आणि काम झाल्यावर बेड पुसून त्याला तेल देतो.

तीन प्लेटांचा प्रयोग शाळेतही करता येईल. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, तळहाताएवढ्या तीन चौरस वड्या ओतून घ्या आणि चांगल्या वाळू द्या. त्यांवर १, २, ३ असे आकडे घाला. आधी फक्त १ आणि २ एकमेकींवर बराच वेळ घासा, १ नेहमी वर ठेवा. मग पोलादी पट्टी कडेवर उभी धरून उजेडासमोर पाहा; वरच्या वडीच्या मध्याशी फट दिसू लागेल. आता १–२, २–३, ३–१ अशा जोड्या आळीपाळीने घ्या. वरची खाली, खालची वर करा आणि दर वेळी काटकोनातून फिरवा. पट्टीखालची फट हळूहळू नाहीशी होताना मुलांना पाहू द्या. सपाट पट्टी आधी कोणी बनवली, हा प्रश्न त्यांच्यापैकी एखादा विचारील. त्याचे उत्तर तोवर त्यांच्याच हातात आलेले असेल.